मुठीतलं बोंड

८ नोव्हेंबर १९५९, फुलसावंगी

आज कापसाची पहिली वेचणी. मालकिणीने शेतात सीतादहीच्या पूजेचा दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बौद्ध दीक्षा घेतल्यापासून माय त्यात नसते. वस्तीतल्या आम्ही सगळ्या बांधावर उभ्या राहिलो. पूजा आटोपली तशा वेचलेला कापूस ठेवायला पोटाशी ओट्या बांधल्या.

गुरुजींनी बातमी पक्की केली. मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेची प्रवेश परीक्षा जानेवारीत, यवतमाळला. मराठीच्या पेपरात क्रियापदांचे समानार्थी शब्द हमखास येतात, आणि मुली तिथेच अडतात म्हणे. उन्हाळ्यात गुरुजींची बदली. म्हणजे जे शिकायचं ते याच वर्षी. बा म्हणाला, "एक डाव बसून पाय. नाई जमलं तं वेचणी हायेच."

आमच्या घरात सातवी झालेली मी पहिली. नाही जमलं तर, हे मनात आणायचं नाही.

१२ नोव्हें.

अभ्यासाला बसायला सवड नाही. मायने तोड काढली. "एका पातीले एक शब्द घे. पात सरली का बांधावर उभी राहून म्हन." माझ्या वाट्याची पहिली ओळ 'पाहणे'ची: बघणे, निरखणे, न्याहाळणे. दुसरी 'थकणे'ची: दमणे, शिणणे, भागणे.

बाजूच्या पातीत शांतामावशी. "काहून वं मास्तरीण, कापूस वेचून राह्यली का शब्द?"

"दोन्ही, मावशी."

"मंग तुही ओटी कायले रिकामी?"

सगळ्या हसल्या. ओटी खरंच हलकी होती. उद्या हात जलद हवा.

२० नोव्हें.

आता हात थांबत नाही. बोंडात बोटं गेली की शब्द आपोआप येतो. लपवणे, दडवणे, झाकणे. मिळवणे, कमावणे, संपादणे. बोंडाची टोकं टोचून नखांच्या कडा सोलवटल्या आहेत, पण तेही बरंच. कोणता शब्द कोणत्या ओळीत टोचला ते लक्षात राहतं.

शांतामावशी: "माह्या सुनेसाठी झोपनं सांग. तिले तेवढं एकच काम येते."

निजणे, पहुडणे सांगितलं. 'पहुडणे' मावशीला फार आवडलं. दुपारी बाभळीखाली कोणी पाठ टेकली की हिचं सुरू, "पहुडली का वं?"

एका पातीत बोंडं राहिली असं वाटून मागे जाऊन पाहिलं. राहिली नव्हती. ही सवय जायला पाहिजे.

१३ डिसें.

गुरुजींनी शाळेत घोंगडीवर बसवून परीक्षा घेतली. पाटी मांडीवर, समोर घड्याळ. पहिलंच 'थकणे'. काही म्हणता काही आठवेना. 'पाहणे'लाही फक्त बघणे. गुरुजी गोंधळले. "अगं, परवा बांधावर तर घडाघडा म्हणत होतीस!"

घरी येऊन रडले. मग पाणी भरायला गेले. रांगेत उभी असताना बोटं चाळवली आणि दमणे, शिणणे, भागणे, तिन्ही आले! कोणाला सांगू? घागर तिथेच ठेवून धावत घरी आले.

१४ डिसें.

माय म्हणाली, "तुहे हात रिकामे होते ना. एक बोंड धरून बस." सायंकाळी पुन्हा शाळेत. डाव्या मुठीत बोंड, उजव्या हातात पेन्सिल. एकही शब्द चुकला नाही.

पण ही नक्कल तर नव्हे? गुरुजींना विचारलं.

"बोंडावर काही लिहिलं आहे का?"

"नाही."

"बोंड तुला शब्द सांगतं का?"

"नाही. आठवू देतं."

"मग झालं तर. नियमात कागद नेऊ नये असं आहे. कापसाचं काही नाही."

झालं तर झालं. तरी जाताना निवडून न्यायचं. कीड लागलेलं, ठिपका पडलेलं नको. ठिपक्यांची खूण केली आहे असं कोणाला वाटायला नको. माय म्हणते, "कापसाचं बोंड हाय पोरी, नवरदेव नाई."

३ जाने. १९६०

तयारी झाली. खरंच झाली. गुरुजींनी दिलेलं एकही क्रि.प. अडत नाही. आज त्यांनी उलटसुलट विचारलं, तेच आधी थकले. असं लिहिणं बरं नव्हे, पण लिहिते.

९ जाने., यवतमाळ

बा आणि मी महागावहून एस.टी.ने आलो. बाच्या मावसभावाकडे मुक्काम. बोंड रुमालात. गेल्याबरोबर तिथल्या बाईंना दाखवायचं आणि विचारूनच बसायचं, असं ठरवलं आहे.

११ जाने., घरी

सगळं नीट लिहून ठेवते.

दाराशी गर्दी. बाई क्रमांक पाहून घाईने बसवत होत्या. मी रुमाल सोडेपर्यंत घंटा झाली. तसंच बसले. निबंध झाला, उतारा झाला. समानार्थी शब्दांवर आले आणि मूठ आवळली. पहिलं क्रि.प. लिहून झालं. दुसऱ्याला बाई मागे येऊन उभ्या.

"मुठीत काय आहे?"

"बोंड."

"काय?"

"कापसाचं बोंड, बाई."

मूठ उघडली. मुली हसल्या. बाईंनी बोंड घेतलं, टरफल वेगळं केलं, कापूस पिंजला, सरकी न् सरकी बोटाने दाबून पाहिली. कागद असेल म्हणून. नव्हता. कापूस टेबलावर ठेवला आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिला: हातात कापूस आढळला.

"सही कर."

मी उभी राहिले. "बाई, त्यात कागद नव्हता, हेही लिहाल का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. मी सही केली.

हात रिकामे. घोंगडीवर बसल्यासारखंच झालं, समोर नुसता कागद. मग डावा हात बाकावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि कोऱ्या लाकडावरूनच वेचू लागले. अंगठा, बोट, अंगठा, बोट. मुली पाहत होत्या. पाहू दे. आमच्या पाती एकामागून एक आल्या. पहुडणेसुद्धा आलं. सगळं लिहिलं. एकही जागा कोरी नाही.

बाला बाहेर सांगितलं. तो म्हणाला, "सही केली ते बरं केलं. आपलं काई लपलेलं नाई."

२२ जाने.

गुरुजी म्हणतात पेपर चांगला गेला असणार, पण शेऱ्याचं सांगता येत नाही. शेरा असलेली पत्रिका ट्रेनिंग शाळेच्या मोठ्या बाईंकडे जाते, तपासायची की बाजूला ठेवायची ते त्या ठरवतात. मी म्हटलं, तपासली तर मी पास आहे. असं मी कधी बोलत नाही. गुरुजीही चपापले.

शेवटची वेचणी सुरू. मायला आता माझ्याआधी शब्द येतात. "भिणे" म्हटलं की पलीकडून ओरडते, "बिचकणे! धसकणे! पुढचं सांग." पुढचं माझ्याकडे नाही. नवे शब्द तिथे, त्या शाळेत असतील.

५ फेब्रु.

गुरुजी दुपारी शेतावरच आले. निरोप आहे. मोठ्या बाईंनी सोमवारी समक्ष बोलावलं आहे. पत्रिका अजून तपासलेली नाही. हातातला कापूस कशाला होता ते आधी विचारायचं आहे म्हणे.

शांतामावशी म्हणाली, "जा ना वं. भ्यायचं काय त्यात? तिले म्हन, ये एक दिस माह्या पातीत."

बा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. एस.टी.त बसवून दे, पुढे मी जाते.

काय सांगायचं ते जुळवायला बसले होते. नंतर सोडून दिलं. आत शिरल्याबरोबर बोंड टेबलावर ठेवीन, कोणी विचारायच्या आधी. मग त्यांनी हवं ते क्रि.प. द्यावं.

झाडांवर आता फार काही उरलेलं नाही. माय बांधाकडच्या ओळीतून बोंडं घेऊन आली, निवड म्हणाली. एक पांढरंशुभ्र. दुसऱ्यावर बारीक काळा ठिपका, परीक्षेला जाताना नको म्हटला होता तसा.

ठिपक्याचं रुमालात बांधलं.