झेडनंतर

प्रिय आचल,

तुझे झेडचे दहा शब्द काल मिळाले. उत्तर कार्डावर मावणार नाही, म्हणून या वेळी पाकीट. जून अठ्ठ्याण्णवमध्ये आमच्या अण्णांनी अल्लीपूरचं दुकान वर्ध्याला हलवलं आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा दहावीच्या इंग्रजीच्या धास्तीने आपण हा खेळ काढला. महिन्याला एक अक्षर, त्यावरून दहा शब्द तुझे, दहा माझे, एकही दुसऱ्यांदा यायचा नाही. डिक्शनरी एकच, तुझी, तीही तू माझ्या पिशवीत कोंबलीस. "मले काऊन लागते? सारी डोक्यात आहे माह्या," म्हणालीस. केवढा तो तोरा!

सुरुवातीला तू सगळे खाण्याचे शब्द पाठवायचीस. बन, बिस्किट, कस्टर्ड. अधाशी कुठली! मार्चमध्ये जेचं कार्ड फार उशिरा आलं आणि केपासून शब्दच बदलले. किडनी. मग एनला नर्स, नीडल. डॉक्टरीण व्हायचं खूळ शिरलं का, म्हणून मी चिडवलंसुद्धा. तू पुढच्या कार्डावर नुसते शब्द पाठवलेस. अक्षर मात्र तुझंच होतं, उजवीकडे कललेलं.

यंदा मे महिन्यात आतेबहीण कांताच्या लग्नाला अल्लीपूरला आले आणि भर दुपारी न कळवता तुझ्या घरी गेले. दार उघडं होतं. समोर भिंतीवर तुझा फोटो, त्याला हार, खाली तारीख, ९ मार्च १९९९. आम्हाला वर्ध्याला कोणी कळवलंच नव्हतं. त्या तारखेनंतर आलेली तुझी चौदा कार्डं माझ्या कपाटात होती.

फोटोखाली तुझी आई पाठमोरी बसली होती, मांडीवर कार्ड घेऊन. चौथी शिकलेल्या अनुसयाकाकू. फोटोकडे बघत म्हणाल्या, "एक्सरे त झाला वं माय. आता दुसरा सांग." मग थांबल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. कोणाचं ऐकून घ्यावं तशी त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं. मी चपला हातात घेऊन पळाले. चौथ्या दिवशी वर्ध्याला एक्सचं कार्ड आलं. दुसरा शब्द होता झायलेम, झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या. मला तो डिक्शनरीत शोधावा लागला, आणि डिक्शनरी तर माझ्याकडेच आहे. तरी मी वायचे शब्द पाठवले, झेडचे पाठवले. न पाठवायची हिंमत झाली नाही.

काकू, इथून पुढचं तुमच्यासाठी. किडनी, नर्स हे शब्द तुम्ही दवाखान्यात ऐकले असतील, एवढं मी समजू शकते. झायलेमचं मला कळत नाही आणि मी विचारणारही नाही. मला अजून भीती वाटते, खरं सांगते. पण काल झेडचं कार्ड हातात आलं तेव्हा त्याहून मोठी भीती वाटली. अक्षरं संपली, आता तुम्ही तिला काय विचाराल? आणि विचारलं नाही तर ती कशाला बोलेल? म्हणून हे पत्र. खेळ संपलेला नाही. पुन्हा एपासून सुरू, आणि जुना एकही शब्द चालायचा नाही. माझे दहा मागच्या पानावर आहेत. तिला विचारून तिचे दहा पाठवा.

तुमच्या दोघींचीच,
जया