वाणाचा डबा

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज ग्रामपंचायतीत सोलर प्रकल्पाची फाईल पाह्यली. गायरान कंपनीला द्यायला गावाची संमती हाय म्हणून तिला आम्हा बायांच्या सह्या जोडल्यात. पयली सही माझी.

ती मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात केल्ती. सोलर कंपनीच्या मॅडमनं वाण म्हणून स्टीलचा डबा दिला अन् डबा मिळाल्याची सही घेतली. कागदावर वर काय लिव्हलंय ते मी बघितलंच न्हाई. वाण घेताना कोण वाचत बसतं?

अंगणवाडीची ताई म्हणून बायांना घरोघर बोलवायला मीच गेल्ते. मॅडम महिनाभर माझ्या ओट्यावर चहा पिऊन म्हणायची, "ताई, एकही झाड तोडणार नाही, शेळ्यांना वाट ठेवू." आज फोन केला तर म्हणे, "सह्या तुमच्याच आहेत ना?" ताईसुद्धा म्हणाली न्हाई. गायरानातल्या कडूलिंबांवर तोडायच्या खुणा झाल्यात.

सोलर नको असं मी कधीच म्हणलं न्हवतं. नीट इचारलं असतं तर हो म्हणले असते का? म्हणले असते बहुतेक. मंग हे कशाला केलं?

संध्याकाळी रुख्मिणबाई आली. तिच्या शेळ्या त्याच गायरानात चरतात. तिला मिळालेला वाणाचा डबा उंबऱ्यावर ठेवून म्हणली, "मी तुझ्या शब्दावर आल्ते, त्या मॅडमच्या न्हाई." अन् गेली.

आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत देत न्हाईत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी झाकण काढून पाह्यलं.

रिकामा होता.