शेपटीला लावलेला पंखा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, उभा जन्म लेथवर काढलेला टर्नर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दटावणीशिवाय लिहीत आहे. दटावणारी एकच होती, माझी बायको. ती चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हटल्यावर डॉक्टर "आता राहू द्या" म्हणाले, त्यावरून मुदत किती उरली ते समजलो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या धाकट्या भावाला द्यावे. बँकेत असेल तेही त्यालाच. तो घड्याळजी होता. आता नाही. का नाही ते कलम चारमध्ये येईल. तोवर मला धीर गोळा करू द्या.

२. शेडमधला लहान लेथ गल्लीच्या टोकाच्या वेल्डरला. तो यंत्राला वेळेवर तेल घालतो आणि माणसांशी कमी बोलतो. ड्रिल मशीन मेव्हण्याकडे आहे, दोन दिवसांसाठी म्हणून नऊ वर्षांपूर्वी नेलेले. ते त्याने ठेवून घ्यावे. त्यात पाते आवळायची चकची किल्ली, जिच्याशिवाय ते चालत नाही, मात्र माझ्याकडे आहे आणि ती त्याला मिळू नये, अशी माझी स्पष्ट इच्छा आहे.

३. रिमोटवर उडणारी सहा मॉडेल विमाने मैदानावर अशी विमाने उडवणाऱ्या आमच्या मंडळाला. सातवे, म्हणजे जेट, कोणालाही देऊ नये. माझ्याच्याने ते मोडवले नाही. माझ्यामागे मोडावे.

४. हे जेट फोमचे. मूळचा पंखा पोटातल्या नळीत होता. आवाज खऱ्या जेटचा, दम तीन मिनिटांचा. तेवढ्यात बॅटरी गार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून मी तो पंखा काढला, नळीची तोंडे बुजवली, शेपटीला प्लायवूडची चकती चिकटवून त्यावर मोटर बसवली आणि मागून ढकलणारा उघडा पंखा लावला. पंख्यावरची अक्षरे नाकाच्या दिशेला ठेवायची असतात, तिथेही चुकलो नाही. मागचे वजन वाढले म्हणून बॅटरी पुढे नाकात सरकवली. शेडमधल्या कामात एका सुताचाही फरक नव्हता.

विमानाला चाके नाहीत. धाकटा त्याला पोटाखालून धरून फेकत असे आणि रिमोट माझ्याकडे. जुन्या पंख्याला जोर धरायला वेळ लागे, म्हणून आधी मोटर पूर्ण चालू करायची आणि मग फेकायचे, ही आमची सहा वर्षांची सवय. पंखा नळीत, त्यामुळे हाताला भीती नव्हती. पंखा उघडा आणि मागे असला की उलट करावे लागते. आधी फेकायचे, विमान हातातून सुटून लांब गेले की मग मोटर. नाहीतर पुढे जाताना पंखा हातावरूनच जातो.

नव्या पंख्याच्या पहिल्या उड्डाणाच्या सकाळी धाकट्याने विचारलेसुद्धा.

"दादा, आज आधी मी फेकायचं, मग तू मोटर द्यायची. बरोबर ना?"

"मला शिकवतोस होय रे? मीच बनवलंय ते."

त्याने हात मागे नेऊन पुढे झोकला, आणि माझ्या अंगठ्याने सवयीने रिमोटची दांडी पूर्ण वर ढकलली.

त्याच्या उजव्या हाताचे पहिले बोट गेले. अंगठा राहिला तो नावापुरता. त्याच दोन बोटांत तो चिमटा धरत असे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? मी म्हणालो, "ह्याने सोडायला उशीर केला." धाकटा तिथेच खाटेवर जागा होता. त्याने ते ऐकले. मग मी तेच मैदानावर सांगितले, नातेवाइकांत सांगितले. बायकोलाही सांगितले, आणि ती तेच खरे मानून गेली. अकरा वर्षे झाली. घड्याळाचे केसाएवढे भाग जुळवणाऱ्या माणसाला लोक धांदरट म्हणू लागले. वर्षाच्या आत दुकान बंद झाले. आता तो एका गोदामाच्या दारात येणारे ट्रक मोजतो. माझ्या घरी येत नाही. रस्त्यात भेटला तर तब्येत विचारतो, आणि ते मला भांडणापेक्षा जड जाते.

तर लिहून देतो की, चूक संपूर्णपणे माझी होती. त्याने नीट आणि वेळेवर फेकले. हे कलम मैदानावर आणि नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे. पहिल्या कच्च्या प्रतीत मी "दोघांचीही चूक" असे लिहिले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लिहून हलके वाटेल असे वाटले होते, तसे काही झाले नाही.

५. हे कलम आज वकीलबाईंच्या ऑफिसात हाताने जोडत आहे. घर तुझ्या नावे करतोय, येऊन वाच, असा निरोप मी धाकट्याला पाठवला होता. तो आला. त्याने उभ्यानेच कलम चार दोनदा वाचले.

"खरं लिहिलंयस," तो म्हणाला. "साक्षीदार कोण?"

"एक हे डॉक्टरांकडचे कंपाउंडर," वकीलबाई म्हणाल्या. "दुसरे यायचेत अजून."

"मी करतो सही."

"अहो, तुम्ही नका करू. ज्याला मिळायचंय त्यानेच साक्ष दिली, तर त्याला काहीच मिळत नाही."

"ठाऊक आहे. विचारूनच आलोय."

मी म्हणालो, "अरे, घर तुझं आहे."

"घर नको मला, दादा. तू हे लिहिलंस आणि मी ते पाहिलं, एवढंच माझ्या नावावर राहू दे."

मी त्याला थांबवायला हात पुढे केला, पण त्याचा कुठला हात धरावा ते मला कळेना.

सबब कलम एक रद्द. घर आणि बँकेतले दुसऱ्या कोणाला द्यावे, हे मला सुचलेले नाही. वकीलबाईंनी तिथे दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. काही लिहिले नाही तर ते कायद्याने जवळच्या वारसाकडे जाते, असे त्या म्हणाल्या. त्या तशाच राहिल्या तरी माझी हरकत नाही.

ठिकाण: वकीलबाईंचे ऑफिस, पहिला मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त टर्नर

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टरांकडील कंपाउंडर

साक्षीदार दुसरा: (सही, डाव्या हाताने) लिहून ठेवणाऱ्याचा धाकटा भाऊ, घड्याळजी