दोन हात जाडीचा कोळसा

अंटार्क्टिका,
१९ फेब्रुवारी १९९२

प्रिय बाबा,

नेलिदाकडून तुम्हाला खूप प्रेम. छातीचं कसं आहे? खोकला कमी झालाय असं ओस्वाल्दो लिहितो. पण माझा भाऊ तुमच्याच वळणाचा, दुखणं कशाला सांगेल. मी बरी आहे. काल मसुराचं कालवण करपलं. तळावर आता अकराच माणसं उरलीत, आणि जेवताना माझ्या बाकावर कुणी बसत नाही. त्याचं कारण पुढे लिहिते.

नऊ वर्षांत तुमचं एक अक्षर नाही. मला वाटायचं, तुमच्या लेखी मी संपले. गेल्या महिन्यात ओस्वाल्दोने सगळं कळवलं.

इथल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी तुम्हाला लिहिलं होतं, 'बाबा, इथल्या कड्यात कोळसा सापडलाय. दोन हात जाडीचा, तुमच्या खाणीपेक्षा सरस.' ते पत्र तुम्ही खिशात घालून हिंडायचात म्हणे.

सरकारला दिलेल्या अहवालात मात्र मी लिहिलं, 'पातळ, तुटक थर. खणण्याजोगा नाही.'

त्या दरीत चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी चालून गेलं होतं. त्याच्या बुटांचे ठसे अजून खडीत होते. मला आपली काळी नदी आठवली, जिच्यात आई कधी कपडे धुवायची नाही. ही जागा खणू द्यायची नाही, असं कुणालाही न विचारता मी ठरवून टाकलं.

मग आपल्या खाणीतली एक पाळी बंद झाली आणि राजधानीहून कंपनीचा माणूस तुमच्याकडे आला. म्हणाला, "तुमच्या मुलीला तिथे मोठं घबाड दिसलंय असं ऐकतो, अहवालात मात्र तसं नाही. तिकडे खाण निघाली तर पहिली भरती तुमच्या गावची." तुम्ही त्याला येर्बाचा कडू चहा पाजलात आणि म्हणालात, "दगड ती मोजते. तिने अहवालात लिहिलं तेच खरं."

तो गेल्यावर तुम्ही माझं पत्र चुलीत घातलंत. त्याच वर्षी ओस्वाल्दोचंही काम गेलं. तरी तुम्ही कुणाकडे बोलला नाहीत. माझ्याकडेही नाही.

ऑक्टोबरात माद्रिदला अंटार्क्टिकाच्या करारावर सह्या झाल्या. इथे आता खाणी नाहीत, फक्त संशोधन. सगळ्यांनी पेले भिडवले. मी माझा पेला तसाच खाली ठेवला. जागा विज्ञानासाठी राखली म्हणायचं, आणि त्या विज्ञानात माझंच खोटं.

गेल्या शुक्रवारी मी तळप्रमुख इबार्रांना खरी मापं दिली. त्यांनी ती जुन्या अहवालाशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

एवढं एक खोटं मी ठेवून घेतलंय.

माझं नाव कामातून काढलंय. शेवटच्या जहाजाने मला परत पाठवताहेत. पुन्हा इथे येणं नाही. अकरा मार्चला उतरेन. गावची बस अजून गुरुवारीच असते ना? दार तुम्ही उघडलंत तर तुमची क्षमा मागेन, ओस्वाल्दोने उघडलं तर आधी त्याची. कुणीच उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन.

जन्मात एकदाच जिच्यासाठी तुम्ही खोटं बोललात, ती
नेलिदा