टेकडीपलीकडची शर्यत

बुध., ता. ११ जानेवारी १९३९, निपाणी

...त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, चुलीवर पाणी ठेवलं. हे दारात मोटारीला हँडल मारत होते. तीनदा मारलं तरी घेईना. भाकरी थापता थापता मी आतूनच म्हणाले, "गार पडलीय, जरा थांबा." चौथ्याला लागली. हे हसले, डबा घेतला, उतारू भरून बेळगावला गेले. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नव्हतं. तरी तोच दिवस का आठवावा?

हे तापाने गेले त्याला दोन वर्षं झाली. मोटार आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. सायंकाळी नाक्यावरच्या चढाला तिचा आवाज बदलतो, तो मला घरात कळतो. हात अजून पिठाच्या डब्याकडे जातो.

रवि., ता. १५

शेजारची शांताक्का माळावर ओढून घेऊन गेली. आम्ही दोघी विड्या वळायला बरोबर बसतो. तंबाखूचे व्यापारी आप्पासाहेब यांनी फटफट्यांची शर्यत ठेवलीय. आज नुसता सराव. पाच गाड्या, टेकडीला सात फेरे. टेकडीमागे गेल्या की काही दिसत नाही, नुसता धुरळा. दवंडीवाला गुंडूमामा मचाणावर पत्र्याचा कर्णा घेऊन, कोण पुढं ते ओरडून सांगत होता. "एक नंबर पुढं! एक नंबर पुढं!"

मी शांताक्काला म्हणाले, "एक खोकायला लागलीय. चार पुढं गेली."

टेकडीआडून आधी चार नंबरच बाहेर आली. खालून कुणीतरी ओरडलं, "मामा, ही दवंडी कालची हाय व्हय?" सगळा माळ हसला. शांताक्काने "हिनं आधीच वळखलं" म्हणून माझ्याकडे बोट केलं, तसा मामा माझ्याकडे बघत होता.

मंगळ., ता. १७

गुंडूमामा आला, उंबऱ्याबाहेरच बसला. "वैनी, तू ऐकून सांग, मी वरडतो. माझ्या कानात आता ढोलाबिगर काय शिरत न्हाय."

मी हो म्हणाले. मग त्याने मान खाली घातली. "एक हाय. सुटायच्या आधी गाडीवाल्यास्नी तुझं त्वांड दिसाया नको, आप्पासाब म्हणत्यात. मचाणावर पोत्याचा आडोसा करतो."

पुन्हा हो म्हणाले. इतक्या लवकर का म्हणाले कळत नाही. दिवसभर घरात कुणी बोलत नाही, म्हणून असेल.

मंगळ., ता. २४

विड्या वळताना शर्यतीचं मनात बोलून बघते. तंबाखू बांधून येते त्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले, पण तसली लांब वाक्यं इथे चालत नाहीत. वाक्य संपेपर्यंत गाडी निघून जाते. "तीन मागं. दोन पुढं. चार सुटली." एवढंच पुरे.

रवि., ता. २९

शर्यत झाली. 

चार फेरे नीट. मी पोत्यामागून मामाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, मामा ओरडायचा. एकही चुकलं नाही. वाहवा सगळी मामाची, तरी मला गोड वाटत होतं. पाचव्याला चार नंबर टेकडीमागे गेली. आवाज एकदम चढला, चाक जमीन सोडून फिरावं तसा. मग काहीच नाही.

"मामा, चार पडली. सांगा."

"गप. आप्पासाबांचा पोरगा भूपाल हाय त्यो. भरल्या शर्यतीत वंगाळ बोलू नगं."

"वाटेवरच पडलाय. मागनं तीन गाड्या येतायत."

मामा कर्णा छातीशी धरून उभा. मी पोतं सारलं, कर्णा ओढून घेतला. "चार नंबर पडलाय! गाड्या थांबवाऽ!" मग तेच चिकोडीकडच्या गाडीवाल्यांसाठी कानडीत, "बिद्दान! निल्रीऽ!"

वळणावरच्या माणसाने निशाण आडवं धरलं. तिन्ही गाड्या अलीकडेच थांबल्या. भूपाल फटफटीखाली अडकलेला सापडला. पाय मोडलाय. जिवंत आहे.

माळभर माणसं माझ्याकडे बघत होती. कर्णा परत कुणाला द्यायचा ते कळेना, तसाच खाली ठेवला.

सोम., ता. ३०

शांताक्का सांगत होती, बायका म्हणतात, तिच्या तोंडनं निघालं म्हणून पोरगं पडलं.

"पडल्यावर बोलले मी."

"मला ठावं हाय गं. त्यास्नी कोण सांगणार?"

पाण्याला गेले तर आडावर दोघी उठून बाजूला झाल्या.

आज सायंकाळची मोटार कधी गेली कळलंच नाही. दिवा लावताना ध्यानात आलं. ह्यांची क्षमा मागितली. मग वाटलं, हे हसले असते. तरी...

गुरु., ता. २ फेब्रुवारी

आप्पासाहेब स्वतः आले. आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "पोरगं वाचलं, ते तुझ्यामुळं." मग जोडा झटकत म्हणाले, "होळी झाली की परत शर्यत हाय. तूच बोल. कर्णा तुझ्याच हातात. आडोसा तेवढा ऱ्हाऊ दे. माझं काय न्हाय, गाडीवाली पोरं बिथरत्यात."

नाही म्हटलं तर पुन्हा चार भिंती. हो म्हटलं तर पोत्यामागे. विचारायला कुणी नाही. मी म्हणाले, उद्या सांगते.

शुक्र., ता. ३

सकाळी आप्पासाहेबांच्या घरी गेले, पुढच्या दाराने. मी म्हणाले, "बोलीन. पण मचाणावर उघड उभी राहून, गाड्या सुटायच्या आधीपासून." गाडीवाल्या पोरांना विचारून सांगतो, असं आप्पासाहेब म्हणाले. मी घरी आले आणि विडीची पानं भिजत घातली.