तुझ्या फोनवर आलेले आकडे

रिहे, ता. मुळशी
१२ सप्टेंबर २०२५

चि. विलास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. तुझ्या प्रियाची पाठदुखी आता बरी असावी. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि मग मीही बोलते. रस्त्याकडची जमीन तू विकलीस तेव्हापासून आपण एवढंच करत आलो. पुढे तेही बंद झालं.

इंद्रायणी भात निसवायला लागला आहे, लोंब्या बाहेर पडताहेत. तू विकलेल्या तुकड्यावर बंगला उभा राहिला. मालक महिन्यातून एकदा येतो, त्याचं कुत्रं मात्र रोज भुंकतं. माझं अक्षर वाकडं दिसलं तर लाईट गेली होती असं समज.

बुधवारी आपल्या उपकेंद्रात डोळ्यांचं शिबिर होतं. पूर्वी मधुमेहाच्या माणसाला डोळ्याचा पडदा तपासायला पुणं गाठावं लागे, म्हणून कुणी तपासतच नसे. आता जान्हवी सिस्टर एका यंत्राने डोळ्याच्या आतला फोटो काढते, तो नेटवरून वर जातो आणि पुण्यातले डॉक्टर तिथूनच बघतात. जान्हवी त्याला क्लाउड म्हणते. मी विचारलं, "म्हणजे नक्की कुठे?"

"बाई, लांब कुठेतरी मोठे कॉम्प्युटर असतात. उद्या हे उपकेंद्र पडलं तरी तुमचा फोटो राहील."

एवढं उत्तर मला पुरलं.

नोंदणीला वरच्या वाडीची रंभाबाई माझ्या पुढे होती. जान्हवीने नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिने तोंडावर पदर घेतला.

"आजी, सांगा ना. नाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही."

"मग ऱ्हाऊ दे तितंच. धन्याचं नाव लग्नात, बारशात घेत्यात. दवाखान्यात न्हाई."

मी ओरडले, "रंभाबाई, डोळा जाईल आणि भिवाजीचं नाव तेवढं शाबूत राहील!"

"बगा, बाईंनी घेतलं! लिवा आता," ती म्हणाली, आणि सगळी रांग हसली. तिला मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेची तारीखही जागच्या जागी मिळाली.

मग माझी पाळी. हो, मीही रांगेत होते. मला साखर आहे, दोन-तीन वर्षं झाली. तुला कळवलं नव्हतं.

जान्हवीने आधारचा क्रमांक टाकला, ओटीपी गेला म्हणाली. माझा फोन गप्प. तेव्हा आठवलं. आधार काढलं त्या वेळी माझ्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून पौडला तू आपला नंबर देऊन टाकला होतास. इथल्या निम्म्या बायकांचं असंच आहे. कुणाला भावाचा नंबर, कुणाला पुतण्याचा.

"बाई, नंबराच्या शेवटी छप्पन्न आहे. कुणाचा?"

"आहे एकाचा. लाव."

तुला आलेला तो फोन फसवणुकीचा नव्हता. बिचारीला तू काय काय बोललास! "सकाळपासून तुम्ही तिसरे चोर," हे रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. म्हणून मी फोन हिसकावला. "विलास, आकडे सांग." तू सांगितलेस. एकेक, सावकाश, लहानपणी पाढे म्हणायचास तसे. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. इतक्या दिवसांनी बोललो ते एवढंच, पण भांडण झालं नाही.

"कोन वो?" रंभाबाईने विचारलं.

"भाऊ."

"मंग आवाज का असा बसला तुमचा?"

मी तिला गप्प केलं.

दुपारी उत्तर आलं. डॉक्टरीणबाई स्क्रीनवर बोलल्या; वयाने लहान, पण मुद्द्याचं बोलणाऱ्या. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त उतरलं आहे, उजव्याला लवकर लेसर हवं. गेलेली नजर परत येणार नाही, पण आत्ता आलात तर आहे ती टिकेल, म्हणाल्या. लाईट कुठेही गेलेली नाही, विलास. मला ओळी अशाच दिसतात.

घाबरले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. तरी घरी येताना हलकं वाटलं. इतके दिवस दिसणं कमी होत चाललंय एवढंच ठाऊक होतं. आता कुठे जायचं आणि काय करायचं तेही ठाऊक आहे.

२५ तारखेला, गुरुवारी, पुण्यात सरकारी रुग्णालयात बोलावलं आहे. फोटो तिथे आधीच पोचलेत, मला काही न्यायचं नाही. फक्त थेंब घातल्यावर काही वेळ धूसर दिसतं, म्हणून सोबत माणूस पाहिजे. "कोण येईल?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी "भाऊ" म्हणून मोकळी झाले. तुला न विचारता. शेजारचा निलेश यायला तयार आहे, त्यामुळे अडणार काही नाही. पण मला तो नको आहे.

निघताना जान्हवी म्हणाली, "बाई, या नोंदीला आता तुमचाच नंबर जोडून टाकू का?" मी नको म्हटलं. तेव्हा वेळेचा मेसेज तुलाच येईल, पुढचे रिपोर्टही. चोर समजून पुसून टाकू नकोस.

जमिनीचं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण ते बोलायला समोरासमोर बसावं लागेल, आणि तेव्हा तुझा चेहरा मला नीट दिसायला हवा.

२४ला संध्याकाळीच मुक्कामाला ये.

रागावलेलीच, पण तुझी,
आक्का