पहिले हजार किलोमीटर

२ मार्च

गाडी पास झाली! तपासणी अधिकारी दोनदा गुडघ्यांवर बसला, खालून टॉर्च मारला, ब्रेक दाबून पाहिले. मग बनावटीच्या रकान्यात काय लिहावं यावर अडून बसला. मूळ गाडी साठ वर्षांपूर्वीची, तीही मोजकीच निघालेली. आमची ही तिची हुबेहूब नक्कल – सांगाडा मामंजींनी वेल्ड केलेला, फायबरची बॉडी साच्यातून काढून मी घासलेली, इंजिन भंगारात निघालेल्या व्हॅनचं, पण आतून सगळं नवं घातलेलं. शेवटी त्याने लिहिलं, ‘घरी बांधलेली’. मामंजींनी तो कागद तीनदा वाचला आणि घडी न घालता हातात धरूनच घरी आणला.

चार वर्षं लागली. अकरा किलोमीटर झाले.

३ मार्च

डॅशबोर्डवर मामंजींच्या अक्षरातला कागद चिकटलाय. हजार किलोमीटरपर्यंत – इंजिनचा काटा मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचा नाही. एकाच वेगाने फार वेळ चालवायची नाही. उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद करायची नाही. पाचशेला तेल बदलायचं, हजारला पुन्हा. खाली जाड रेघ मारून: ‘घाई नाही.’

मी म्हटलं, एवढी लाल स्पोर्ट्स कार बांधायची आणि पाव विकणाऱ्याच्या सायकलमागून जायचं?

म्हणाले, आतले भाग अजून एकमेकांना अनोळखी आहेत. थोडं घासल्याशिवाय बसणार नाहीत.

६ मार्च

समोरच्या शिंपीणबाईंनी गाडीभोवती फेरी मारली. खरी आहे का, विचारलं. नक्कल आहे म्हटल्यावर चेहरा पडला. “म्हणजे खोटी.”

उत्तर जिना चढताना सुचलं. सव्वीस वर्षं मी लोकांचे दात बनवतेय. माझे दात लावून माणसं खरा घास चावतात, खरं हसतात. त्यांना कुणी खोटे म्हणू देत, चावतात ना?

उगाच परत खाली जाऊन सांगावंसं वाटलं. नाही गेले. अठ्ठावन्न किलोमीटर.

९ मार्च

पाठ धरलीय. सीट फार खाली. पण काय वळते!

१२ मार्च

आज जीव टांगणीला लागला. चढावर निघालो होतो, मी चालवत, मामंजी शेजारी डोळे मिटून – त्यांना दिसतं कमी, पण इंजिन ऐकताना ते मुद्दामच डोळे मिटतात. मला काही कळायच्या आत म्हणाले, थांबव. तोवर तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

रस्त्याच्या कडेला घेतली. डोक्यात एकच – चार वर्षं वाफेत गेली. मामंजी मात्र मैलाच्या दगडावर बसले, जणू बस यायची आहे. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. पाऊण तास बसलो. गार झाल्यावर त्यांनी झाकण काढलं, रबरी नळी हळूहळू दाबत राहिले. बुडबुडे आले, एकामागून एक. हवा अडकली होती, बाकी काही नाही. बाटलीतलं पाणी ओतलं आणि निघालो.

परत येताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “सूनबाई, तू रडलीस तर काटा खाली येत नाही.”

मी रडले नव्हते. थोडीशीच.

१५ मार्च

त्यांच्या मुलाचा फोन आला. (मी त्याला ‘त्यांचा मुलगा’च म्हणते. माझा नवरा तो नऊ वर्षांपूर्वीपर्यंत होता.)

बोलायला सभ्य आहे, नेहमीच होता. घर वाढवलंय. खाली, पायऱ्या नसलेली खोली बाबांसाठी. डोळ्यांचा डॉक्टर गल्लीतच. आणि मागे शेड बांधलीय – बाबांचं लोखंड कातायचं लेथ मशीन मावेल एवढी.

तो घर सोडून गेला त्या दिवशी टेम्पो घेऊन आला होता, आपल्या सामानासाठी आणि वडिलांसाठी. मामंजी शेडमध्ये मशीन चालवत राहिले. बाहेर न येताच सांगितलं, हे जमिनीत बसवलंय, हलणार नाही, मग मी कसा हलू? टेम्पो गेला. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी स्वयंपाकाला लागले, ते जेवायला आले. पुढे घटस्फोटाचे कागद झाले, तरी माझं नाव ‘सूनबाई’च राहिलं.

नऊ वर्षं आम्ही दोघं त्या मशीनच्या आड लपलो. आता त्याने मशीनलाच जागा केली.

१६ मार्च

मामंजींना फोनचं सांगितलं. ऐकून घेतलं. चष्मा पुसत बसले.

१८ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात. उजवा डोळा आता फक्त उजेड ओळखतो. डावा आहे तेवढा टिकवायचा. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, घरात सोबत कायम हवी. मी आठ तास दातांच्या प्रयोगशाळेत. सोबत कुठून आणू?

फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटशी नातं? माझं पेन अडलं. सून लिहावं तर कायद्याने नाही. मामंजी मागून म्हणाले, “ड्रायव्हर लिही.”

मुलगी हसली. मीही. घरी येऊन मात्र बराच वेळ गॅससमोर नुसती उभी होते.

२१ मार्च

पाचशे पार! शेडमध्ये जुनं तेल काढलं. ट्रेमध्ये उन्हात धरलं तर चांदीची भुकटी तरंगत असल्यासारखं. मी घाबरले – इंजिन झिजतंय! मामंजींनी बोटावर घेऊन चोळलं. म्हणाले, पहिल्यांदा असंच निघतं. हजारला एवढं निघालं तर काळजी करू.

सगळे नटबोल्ट पुन्हा आवळले. ते हाताने चाचपून जागा सांगत, मी पाना फिरवत होते. सतरा सैल निघाले. चाकाचा एकही नाही, देवाची कृपा.

२३ मार्च

आज बोलले एकदाची. सुट्टी होती, ते आरामखुर्चीत, मी भाजी निवडत. घोळवून ठेवलं होतं मनात – खोली आहे, डॉक्टर जवळ, मुलगा आहे. सगळं नीट, क्रमाने सांगितलं. दाताचं माप घेतल्यासारखं.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही जावं,” मी म्हटलं. “मुलगाच आहे तुमचा.”

खरं काय वाटतं ते म्हटलं नाही. कुठल्या हक्काने म्हणणार? चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला दिवसभर एकटं ठेवायचं, आणि वर राहा म्हणायचं, माझं घर रिकामं होईल म्हणून?

ते म्हणाले, “बरं.” एवढंच. म्हणाले, आपल्या गाडीने जाऊ. तीनशे दहा किलोमीटर आहे, हजार तिकडे पोचताना भरतील.

हिशोबाच्या बाबतीत माणूस वेडा आहे.

२४ मार्च

कामावर वरच्या जबड्याचा सेट उलटा बसवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक? मी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या. म्हणाल्या, दातांचं काम घरी नेता येत नाही असं कुणी सांगितलं? भट्टी इथे, पण मेणाचं काम, घासकाम – टेबल आणि उजेड असला की झालं. आठवड्यातले तीन दिवस तरी.

आता सांगतात! मी विचारलंच नव्हतं म्हणा.

२५ मार्च

मामंजींना सांगणार होते. तोंड उघडलं नाही. त्यांनी ‘बरं’ म्हटलंय. आता मी मध्ये बोलले तर दयेचं वाटेल – त्यांनी माझ्यावर केलेल्या, किंवा मी त्यांच्यावर.

२७ मार्च

सहाशे नव्वद. गाडी खरंच बदललीय. आधी प्रत्येक गिअर विचार करून पडायचा, आता बोट लावलं की जातो. आवाजही भरलाय. मामंजी म्हणाले, बसतंय.

२८ मार्च

शेवटी सांगितलंच. सकाळी, चहा ओतताना, त्यांच्याकडे पाठ करून – आठवड्यातले तीन दिवस मी घरी असू शकते, बाकी दोन दिवसांचं शिंपीणबाईंशी बोलता येईल. पण तुमचं ठरलंय, मी नुसतं सांगून ठेवतेय.

कपबशीचा आवाज आला. “आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

“विचारलं होतं,” ते म्हणाले. “तू मुलाचं उत्तर दिलंस.”

नंतर शेडमध्ये गेले. जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. उद्या सकाळी निघायचंच आहे, ते काही बदललं नाही.

२९ मार्च

निघतोय. बॅग त्यांनी स्वतः भरली, स्वतः डिकीत ठेवली. मला उचलू दिली नाही. डिकी खाली बसली एवढी जड. नऊ वर्षांचा संसार, असायचाच जड.

हवा छान आहे. छप्पर उघडं ठेवू म्हणाले.

३० मार्च

काल फाटकातच हजार भरले. त्यांच्या मुलाने धावत येऊन बॅग उचलली आणि वजनाने वाकलाच. तिथेच उघडली. चकचकीत घासलेले पाने, नरसाळं, हजारला बदलायच्या तेलाचा डबा, नवा फिल्टर, पुसायची फडकी.

तो गोंधळून बघत राहिला. “बाबा, कपडे कुठे आहेत?”

“घरी,” मामंजी म्हणाले.